लांब पल्ल्याची मैत्रीपूर्ण रिले दौड भरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रनिंग ग्रुप, सोसायट्या, कॉलेजची पोरं, गावातली तालीम मंडळं रिले दौड भरवायला निघाली की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. हिशोब समजावा म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: १० टीम, प्रत्येक टीममध्ये ६ जण, एकूण अंतर ६० किलोमीटर, साधारण ५ किलोमीटरचे १२ टप्पे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २ टप्पे, आणि वाटेत ११ एक्स्चेंज पॉइंट, म्हणजे एकाने पुढच्याच्या हाती शर्यत सोपवायच्या जागा. महिना डिसेंबरचा, रस्ता पुणे-सातारा पट्ट्यातला. तुमची दौड लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

## आधी ठरवायच्या गोष्टी

१. रिले म्हणजे मैदानावरची ४×१०० आम्हाला माहीत आहे. रस्त्यावरची लांब रिले वेगळी कशी?

मैदानावर सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो, म्हणून बॅटन पळता पळता द्यावी लागते. रस्त्यावरच्या रिलेत एक माणूस २५ ते ४० मिनिटं पळतो आणि पुढच्याच्या हाती शर्यत सोपवतो. सोपवताना तो क्षणभर थांबला तरी बिघडत नाही. बिघडतं ते पुढचा माणूस जागेवर नसला, गाडी वाहतुकीत अडकली किंवा वळण चुकलं तर. त्यामुळे ही शर्यत पायांइतकीच कागदावरच्या आखणीवर चालते.

जपानमध्ये हिला एकिडेन म्हणतात. १९१७ साली क्योतो ते टोकियो अशी सुमारे ५०० किलोमीटरची पहिली एकिडेन झाली. १९२० पासूनची हाकोने एकिडेन आजही २ आणि ३ जानेवारीला होते: २१७.१ किलोमीटर, १० धावपटू. अमेरिकेत ऑरेगनमधली हूड टू कोस्ट १९८२ पासून चालू आहे, तिथे १२ जणांची टीम ३६ टप्पे पळते. आपल्याकडे शिवजयंतीला गडावरून ज्योत घेऊन पाळीपाळीने पळत गावी येणारी पोरं हेच करत असतात, फक्त घड्याळ न लावता. तुमच्या गावात अशी पोरं असतील तर त्यांना आयोजनात आधी घ्या. रात्रीचा रस्ता, सोबतचा टेम्पो आणि पाळ्या लावणं त्यांना ठाऊक असतं.

२. पहिलीच वेळ आहे. किती अंतर ठेवावं, किती माणसांची टीम?

पहिल्या वर्षी ५० ते ६० किलोमीटर, ६ जणांची टीम आणि जास्तीत जास्त १० टीम. त्यामागचं कारण गाड्या. सहा धावपटू आणि एक ड्रायव्हर म्हणजे सात जण, एका सात-आसनी गाडीत बसतात. टीम आठची केली की दोन गाड्या आल्या, आणि लहान एक्स्चेंज पॉइंटवर १० ऐवजी २० गाड्या लावायला जागा मिळत नाही.

टप्पे बरोबर ५ किलोमीटरचे असलेच पाहिजेत असं नाही. ४ ते ६.५ च्या दरम्यान, जिथे गाड्या लावायला मोकळी जागा असेल तिथे टप्पा तोडा. टप्पा ठरवताना आधी जागा बघा, अंतर मागून जुळवा. शिवाय लहान-मोठे टप्पे असले की नव्याला सोपा आणि पट्टीच्या धावपटूला अवघड टप्पा देता येतो.

३. कोणत्या महिन्यात?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तारीख पक्की करण्याआधी मार्गावरच्या प्रत्येक मोठ्या गावात यात्रा-उरुसाची चौकशी करा. नुसतं कॅलेंडर पाहून चालत नाही. उदाहरणार्थ, वाई-भोर बाजूचा रस्ता आवडला म्हणून पौष पौर्णिमेचा आठवडा धरलात, तर मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेची सगळी गर्दी तुमच्या मार्गावर असेल.

याच काळात उसाचा हंगाम जोरात असतो, त्याचा त्रास प्रश्न १४ मध्ये आहे.

४. रस्ता निवडताना काय बघायचं?

राष्ट्रीय महामार्ग टाळा. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर तर पायी माणसाला मनाईच आहे. राज्यमार्ग किंवा जिल्हा मार्ग घ्या, डांबराच्या बाहेर किमान एक मीटर सपाट साइडपट्टी असलेला. साइडपट्टी डांबरापेक्षा चार-पाच इंच खाली असेल तर अंधारात घोटा मुरगळतो. नव्याने डांबरीकरण झालेल्या रस्त्यांवर हे हमखास असतं.

मार्ग एकदा दिवसा आणि एकदा ज्या वेळी दौड जाणार त्याच वेळी बघा. पहाटे साडेचारला दूधगाड्या कुठून येतात, कोणत्या वस्तीवर कुत्री अंगावर येतात, फोनला रेंज कुठे जाते, हे दुपारी कळत नाही.

घाट घ्यायचा का, हेही बऱ्याच जणांना विचारायचं असतं. वाईहून पसरणी घाटाने पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर हा सुमारे ३२ किलोमीटरचा तुकडा सगळ्यांना खुणावतो. रस्ता देखणा आहे, पण शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी भरतो आणि वळणांवर उभं राहायला जागा नसते. घ्यायचाच तर आठवड्यातला कामाचा दिवस धरा.

५. अंतर गाडीच्या मीटरवर मोजलं तर चालेल का?

ढोबळ आखणीला चालेल, टप्प्यांना नाही. मोबाइलचा जीपीएस घाटात डोंगराआड गेला की उड्या मारतो. सायकलने मोजा. चाकाच्या टायरला खडूची खूण करा, माणूस बसलेल्या स्थितीत चाकाचे बरोबर १० फेरे सरळ रेषेत जाऊ द्या, टेपने अंतर मोजून १० ने भागा आणि तो परीघ सायकलच्या मीटरमध्ये भरा. हवा भरल्यानंतर परीघ पुन्हा घ्या, कारण हवेच्या दाबाने तो बदलतो. प्रत्येक टप्पा दोनदा मोजायचा. दोन मापांत ५ किलोमीटरला ५० मीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

६. परवानग्या कुणाकुणाच्या?

मार्ग ज्या ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतून जातो त्या प्रत्येकाला अर्ज. तीनपेक्षा जास्त ठाणी असतील तर आधी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज द्या आणि त्याची पोच घेऊन प्रत्येक ठाण्यात जा. अर्जात तारीख, सुटण्याची आणि संपण्याची वेळ, नकाशा, धावपटूंची आणि गाड्यांची संख्या, आणि दोन जबाबदार माणसांचे मोबाइल नंबर लिहा. किमान चार आठवडे आधी.

रस्त्यावर कमान किंवा मंडप घालणार असाल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. वनहद्दीतून जात असाल तर वनविभाग. शाळेचं पटांगण, देवळाचा सभामंडप वापरणार असाल तर ग्रामपंचायत, मुख्याध्यापक, देवस्थान. इथे नुसतं पत्र टाकू नका, सरपंचांना आणि पोलीस पाटलांना प्रत्यक्ष भेटा. गावाने मनावर घेतलं की रस्त्यावरची निम्मी कामं गावच करतं.

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही. पहाटे चारची सुरुवात शिट्टीवरच करावी लागते.

## वेळापत्रक

७. सगळ्या टीम एकदम सोडायच्या की मागे-पुढे?

मैत्रीपूर्ण दौडीत मागे-पुढेच. हळू टीम आधी, वेगवान टीम शेवटी, आणि सगळ्या साधारण एकाच वेळी शेवटच्या रेषेवर. एकदम सोडलं तर आमच्या उदाहरणातली वेगवान टीम पाच तासांत पोचते, हळू टीम सात तासांनी. तोपर्यंत पोहे गार झालेले असतात, मंडप उतरायला लागलेला असतो, आणि सर्वांत जास्त कष्ट घेतलेल्या टीमसाठी टाळ्या वाजवायला कुणी उरत नाही. हे टाळण्यासारखं आहे, आणि टाळायला फक्त एक वजाबाकी लागते.

शेवटची वेळ ठरवा, त्यातून टीमची अंदाजी वेळ वजा करा. समजा सकाळी ११ ला सगळ्यांनी पोचायचं आहे:

- किलोमीटरला ७ मिनिटांची टीम: ४२० मिनिटं, म्हणजे ७ तास. सुटणार पहाटे ४ ला.
- ६ मिनिटांची टीम: ६ तास. सुटणार ५ ला.
- ५ मिनिटांची टीम: ५ तास. सुटणार ६ ला.

आता एक्स्चेंज पॉइंटवर काय होतं ते बघा. पहिल्या पॉइंटवर (५ किमी) हळू टीम ४:३५ ला येते आणि वेगवान टीम ६:२५ ला. म्हणजे तिथे जवळजवळ दोन तास माणूस उभा हवा, पण एका वेळी एखाद-दुसरीच गाडी. सहाव्या पॉइंटवर (३० किमी) हेच अंतर ७:३० ते ८:३०, एका तासावर येतं. अकराव्यावर (५५ किमी) १०:२५ ते १०:३५. दहा मिनिटांत दहा गाड्या, दहा येणारे, दहा जाणारे.

म्हणून सुरुवातीच्या पॉइंटना छोटी जागा आणि तीन माणसं पुरतात. शेवटच्या तीन पॉइंटना मैदान लागतं आणि पाच-सहा माणसं. ही माणसं वेगळी शोधू नका. पहिल्या दोन पॉइंटवरचे स्वयंसेवक सातच्या आत मोकळे होतात, त्यांना नाश्ता देऊन दहाव्या-अकराव्यावर पाठवा.

एक तोटाही आहे, तो मान्य करून आखणी करा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे वेगवान टीम अंधारात एकच तास पळते आणि हळू टीम तीन तास. पहिले २५ किलोमीटर रुंद, सपाट आणि ओळखीच्या रस्त्याचे ठेवा. घाट, पूल, अरुंद गल्ल्या उजाडल्यावर.

८. टीमची अंदाजी वेळ कशी काढायची? सगळे म्हणतात "बघू, पळू तसं".

प्रत्येकाकडून गेल्या तीन महिन्यांतली १० किलोमीटरची एक खरी वेळ घ्या. त्याच्या पेसमध्ये (एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेत) दुसऱ्या टप्प्यासाठी १५ ते २० सेकंद वाढवा, कारण दोन-अडीच तास गाडीत बसून पुन्हा पळताना पाय उघडायला वेळ लागतो. चढ असेल तर दर १०० मीटर उंचीला एक ते दीड मिनिट धरा. वाई ते पाचगणी ही चढण जवळजवळ ६०० मीटरची आहे, म्हणजे सहा ते नऊ मिनिटं जास्त. उताराला तेवढीच सूट देऊ नका. निम्मीच द्या, कारण उतारावर मांड्या भरून येतात आणि पुढचा सपाट भाग हळू होतो.

या सगळ्या बेरजेवर टीमनिहाय तक्ता करा: टप्पा, धावपटू, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ. त्याची एक छापील प्रत गाडीत काचेला चिकटवा. रेंज गेल्यावर फोनमधला तक्ता उघडत नाही.

९. एखाद्या टीमने मुद्दाम जास्त वेळ सांगितली आणि आधी सुटून जिंकली तर?

सांगितलेल्या वेळेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त लवकर आलेली टीम पहिल्या क्रमांकाला पात्र नाही, असा नियम आधीच लिहून द्या. ६ तासांना ५ टक्के म्हणजे १८ मिनिटं. खरोखर चांगला दिवस उगवलेल्या टीमला तेवढी जागा पुरते.

आणि मोठं बक्षीस स्वतःच्या अंदाजाला सर्वांत जवळ आलेल्या टीमला ठेवा. मग किलोमीटरला साडेसात मिनिटं घेणारी टीमही शेवटपर्यंत घड्याळाकडे डोळे लावून पळते.

## शर्यत चालू असताना

१०. बॅटन हवीच का?

नको. पाच किलोमीटर हातात दांडी धरून पळताना खांदा एका बाजूला ताठतो, शिवाय अंधारात ती पडते. एकिडेनमध्ये खांद्यावरून तिरका घालायचा कापडी पट्टा वापरतात, तो सर्वांत सोयीचा. आपल्याकडे शिंप्याकडून दोन इंच रुंद सुती पट्टा शिवून घ्या, वर टीमचा नंबर आणि काठाला रिफ्लेक्टरची टेप. लांबी कमी-जास्त करता यावी म्हणून एक बक्कल. रेषेच्या ५० मीटर आधी धावपटू पट्टा काढून हातात गुंडाळतो, पुढचा तो अंगात घालत निघतो. पट्टा शिवायचा नसेल तर हातावर टाळी देणंही पुरे.

११. एक्स्चेंज पॉइंटवर नेमकं काय काय लागतं?

फक्कीने रस्त्यावर तीन रेषा: मधली टप्प्याची, एक तिच्या १० मीटर आधी, एक १० मीटर पुढे. रस्त्यावरच्या रिलेच्या आंतरराष्ट्रीय नियमातही हीच रीत आहे. हस्तांतर या २० मीटरच्या आत व्हायचं. रेषा आदल्या संध्याकाळी उशिरा मारा. दुपारी मारल्या तर वाहतुकीने पुसून जातात.

माणसं: एक वेळ लिहिणारा, एक गाड्या लावणारा, आणि एक रेषेच्या २५० मीटर अलीकडे उभा. हा तिसरा माणूस सगळ्यांत महत्त्वाचा. तो बॅटरीच्या उजेडात बिब (छातीवर लावलेली नंबरपट्टी) वाचतो आणि एक लांब शिट्टी मारून नंबर ओरडतो: "सात नंबर, सात!" ते ऐकून सात नंबरचा पुढचा धावपटू स्वेटर काढून रेषेवर येतो. त्याला मिनिट-दीड मिनिट मिळतं, तेवढं पुरतं. हा माणूस नसेल तर अंधारात कोण येतंय ते दहा पावलांवर आल्याशिवाय कळत नाही.

सामान: लिहायचा पॅड आणि दोन पेनं (थंडीत बॉलपेन कधी कधी चालत नाही, पेन्सिल जवळ असू द्या), घड्याळ, शिट्टी, बॅटरी, पाण्याचा एक जार, प्रथमोपचार पेटी, कचऱ्याची पिशवी. शौचालयाची सोय असलेली जागा निवडा: जिल्हा परिषद शाळा, देऊळ, ढाबा. शाळा वापरली तर जाताना झाडून द्या.

१२. गाडी धावपटूच्या मागे मागे चालवायची का?

नाही. मागून येणारी वाहनं हळू चालणाऱ्या गाडीला ओलांडायला विरुद्ध बाजूला जातात, आणि तुमचा धावपटू त्याच बाजूला असतो. शिवाय मागच्या गाडीचा हेडलाइट धावपटूची सावली पुढे टाकतो, त्यात खड्डा दिसत नाही. गाडीने पुढच्या धावपटूला घेऊन थेट पुढच्या पॉइंटवर जायचं. टप्प्याच्या मध्यावर एकदा थांबून पाणी द्यायला हरकत नाही, पण चारही चाकं डांबराबाहेर आणि पार्किंग लाइट चालू.

ड्रायव्हर पळणाऱ्यांतला नको. पाच किलोमीटर पळून दमलेल्या माणसाच्या हाती सात जणांची गाडी देऊ नका.

१३. डावीकडून पळायचं की उजवीकडून?

उजवीकडून, समोरून येणारी वाहनं दिसतील असं. गाड्या मात्र डावीकडे थांबतात, म्हणजे पुढच्या धावपटूला रस्ता ओलांडून यावं लागतं. बहुतेक धोकादायक प्रसंग पळताना घडत नाहीत, असे ओलांडताना घडतात. म्हणून ओलांडणं शिट्टी वाजण्याआधी, मार्शल (वाहतूक सांभाळणारा स्वयंसेवक) उभा असेल त्याच जागी.

घाटातल्या आंधळ्या उजव्या वळणावर समोरच्या वाहनाला धावपटू दिसत नाही. तिथे वळणाच्या पलीकडे झेंडा किंवा लाल बॅटरी घेऊन माणूस उभा करा. धावपटूला स्वतःच्या मनाने बाजू बदलायला सांगू नका. कानात इअरफोन पूर्ण मार्गावर बंद.

१४. अंधारात काय काळजी?

कपाळावर हेडलॅम्प, अंगात रिफ्लेक्टर जॅकेट, पाठीला लुकलुकणारा लाल दिवा. तिन्ही असल्याशिवाय सूर्योदयाआधी कुणालाही रेषेवरून सोडू नका, कितीही ओळखीचा असला तरी.

उसाच्या पट्ट्यात एक वेगळी गोष्ट आहे. कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतात, मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा दिवा नसतो, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टर गेला म्हणून पुन्हा रस्त्यावर येणाऱ्याला मागची ट्रॉली लागते. सूचना स्पष्ट द्या: ट्रॅक्टर दिसला की डांबर सोडायचं आणि दोन्ही ट्रॉल्या गेल्याशिवाय परत यायचं नाही. बैलगाड्याही अशाच बिनदिव्याच्या. रस्त्यावर सांडलेली उसाची कांडी पायाखाली गोल फिरते, वळणांवर ती जास्त असतात.

१५. कुत्री मागे लागली तर?

पळू नका. थांबा, तोंड त्याच्याकडे ठेवून हळू मागे सरका. दगड उचलल्यासारखं खाली वाकलं की बहुतेक कुत्री मागे हटतात. चावलं किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. त्या धावपटूची शर्यत तिथे संपली. पुढचं प्रश्न १९ प्रमाणे.

१६. पाणी आणि खाणं किती?

मॅरेथॉनच्या अंदाजाने सामान आणू नका. मॅरेथॉनमध्ये एका पॉइंटवरून शेकडो जण जातात, इथे एका टप्प्यावर एका टीमचा एकच माणूस असतो. दहा टीमना टप्प्याच्या मध्यावर प्रत्येकी पाव लिटर म्हणजे एकूण अडीच लिटर. खरं पाणी लागतं ते गाडीत. प्रत्येकाला दिवसभरात ३ लिटर धरले तर ६० जणांना १८० लिटर, म्हणजे २० लिटरचे ९ जार. १२ आणा.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं. ग्लासभर पाण्यात टाकलं तर ते फार तीव्र होतं आणि मळमळतं. प्लॅस्टिकचे ग्लास ठेवू नका, प्रत्येकाने आपली बाटली आणावी.

सहा मिनिटांच्या टीममध्ये एकाच्या दोन टप्प्यांमध्ये अडीच तास मिळतात. पळून आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ओला टीशर्ट बदलून स्वेटर घाला. हे लोक टाळतात, आणि पहाटेच्या थंडीत गाडीत बसून पोटऱ्यांत गोळे येतात. मग अर्ध्या तासाच्या आत केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा. वाटेत मिसळ दिसली तरी दुसरा टप्पा होईपर्यंत थांबा.

१७. डॉक्टर, रुग्णवाहिका?

एक रुग्णवाहिका दौडीच्या साधारण मधोमध फिरती ठेवा. पहिली आणि शेवटची टीम यांच्यात सुरुवातीला बरंच अंतर असतं, त्यामुळे ती एका जागी उभी करून उपयोग नाही. १०८ हा नंबर बिबच्या मागे छापा, सोबत रक्तगट, घरच्यांचा नंबर, चालू औषधं. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, धावपटू झोकांड्या खाऊ लागला, विचित्र उत्तरं देऊ लागला तर त्याला "थोडंच राहिलंय" म्हणून पळवू नका. लगेच १०८. अंग तापलेलं असेल तर सावलीत झोपवा, अंगावर पाणी ओता, मान आणि काखेत बर्फ.

१८ वर्षांखालच्यांना फक्त उजेडातले टप्पे, आणि पालकांच्या लेखी संमतीनेच.

१८. आपोआप वेळ नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक चिप नाही, वेळ कशी नोंदवायची?

स्टॉपवॉच नको. प्रत्येक पॉइंटवर घड्याळातली वेळ लिहा, ८:१४:३५ अशी. सुटण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांची घड्याळं मोबाइल नेटवर्कच्या वेळेला लावा. कागदावर तीनच रकाने: बिब, वेळ, शेरा. दर अर्ध्या तासाने कागदाचा फोटो ग्रुपवर. रेंज नसेल तर फोटो काढून ठेवा आणि कागद हातानेच शेवटच्या मंडपात पोचवा. एका पॉइंटची नोंद हरवली तरी आधीच्या आणि नंतरच्या वेळांवरून टीमचा एकूण वेळ शाबूत राहतो, फक्त दोन टप्प्यांची वैयक्तिक वेळ जाते.

## अपवाद आणि अडचणी

१९. मधेच एक जण जखमी झाला. पाच जणांनी पुढे कसं जायचं?

टप्पा अर्धा राहिला असेल तर टीममधला कुणीही, पट्टा जिथे थांबला तिथूनच पुढे नेऊ शकतो. राहिलेला दुसरा टप्पा उरलेल्यांपैकी एकाने घ्यायचा. अट एकच: सलग दोन टप्पे कुणी पळायचे नाहीत, मध्ये किमान एक टप्पा विश्रांती हवीच. ज्याची अंदाजी वेळ जखमी धावपटूच्या जवळपास आहे त्याला द्या, नाहीतर प्रश्न ९ मधल्या ५ टक्क्यांचा घोळ होतो. दोघे जखमी झाले तर टीमने शर्यतीबाहेर पळावं. पदकं त्यांनाही द्या.

२०. पुढचा धावपटू रेषेवर आलाच नाही, शौचालयात आहे किंवा गाडी अडकली आहे. काय करायचं?

येणारा थांबतो, घड्याळ चालू राहतं. मात्र गाडी आयोजकांनी अडवलेल्या रस्त्यामुळे किंवा अपघातामुळे अडकली असेल, तर तेवढी मिनिटं शेऱ्यात लिहून वजा करा. आदल्याला आणखी एक टप्पा पळायला लावू नका, दमलेला माणूस नको तिथे पडतो.

२१. एक टीम फारच मागे पडली. बाकीच्यांना ताटकळत ठेवायचं का?

एकिडेनमध्ये याला उत्तम तोड आहे: ठरावीक वेळ उलटली की पुढच्या धावपटूला वेगळा पट्टा देऊन सोडतात. तुम्हीही प्रत्येक पॉइंटची शेवटची वेळ ठरवा. समजा सातव्या पॉइंटची वेळ ९:०५ आहे. त्या टीमचा माणूस आलाच नाही, तर ९:०५ ला पुढच्याला पांढरा पट्टा देऊन सोडा. मागचा ९:१७ ला आला. दोघे १२ मिनिटं एकाच वेळी रस्त्यावर होते, म्हणून टीमच्या शेवटच्या वेळेत १२ मिनिटं मिळवा. टीम शर्यतीत राहते, सगळ्यांबरोबर पोचते, आणि वेळही खरी राहते. मागचा माणूस सुखरूप पोचेपर्यंत तो पॉइंट मात्र बंद करायचा नाही.

२२. धावपटू रस्ता चुकला तर?

जिथे चुकला तिथे परत येऊन पुढे जायचं, वेळ वाया गेला तो गेला. गाडीने परत आणून त्याच जागी सोडलं तर चालेल, पण पुढे नेऊन सोडलं तर तो टप्पा धरायचा नाही. चुकू नये म्हणून प्रत्येक वळणाला फक्कीचे तीन बाण: ३० मीटर आधी, वळणावर, आणि वळल्यावर ५० मीटरवर. तिसरा बाण लोक विसरतात. अंधारात शंका आलेला माणूस तो दिसला की निर्धास्त पळतो.

२३. वाटेत रेल्वेचं फाटक आहे. किंवा कोकणात खाडी ओलांडायला फेरीबोट आहे. वेळेचं काय?

फाटकावर एक नोंद करणारा उभा करा. फाटक बंद असताना आलेल्याची पोचण्याची आणि उघडण्याची वेळ लिहायची आणि फरक वजा करायचा. बंद फाटकाखालून गेला तर त्या टीमची दौड तिथेच थांबवा, यात सवलत नाही.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीच्या मार्गावर टप्पा अलीकडच्या धक्क्यावरच संपवा आणि पुढचा पलीकडच्या धक्क्यावर सुरू करा. पलीकडे घड्याळ पुन्हा चालू करताना टीमच्या पोचण्याच्या क्रमाने नाही, तर अलीकडे ज्या अंतराने आले त्याच अंतराने सोडा. सगळ्या गाड्या एका फेरीत मावत नाहीत. म्हणून पलीकडचे धावपटू आधीच्या फेरीने पाठवून ठेवा, आणि फेरीच्या वेळा आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन विचारा.

२४. नियम मोडला तर टीम बाद करायची का?

मैत्रीपूर्ण दौडीत बाद करण्याऐवजी मिनिटं वाढवा. कचरा टाकला: ५ मिनिटं. चुकीच्या बाजूने पळाला किंवा इअरफोन लावला: पहिल्यांदा ताकीद, मग ५ मिनिटं. २० मीटरबाहेर हस्तांतर: १ मिनिट. अंधारात दिव्याशिवाय निघाला: थांबवून दिवा लावेपर्यंत घड्याळ चालू. तक्रार निकाल लागल्यापासून ३० मिनिटांत, टीमच्या कॅप्टनने लेखी द्यायची. निर्णय तिघांचा, आणि त्या तिघांपैकी कुणाचीही टीम शर्यतीत नको.